कर्ट वॉर्नर : किराणा दुकानाच्या गोष्टीत न मावणारा क्वार्टरबॅक

रानवारा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की कर्ट वॉर्नरची तीच गोष्ट फिरायला लागते. आयोवातल्या किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर रात्रपाळीत माल लावणारा मुलगा, आणि पाच वर्षांनी सुपर बोलचा मानकरी. परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही आली, खाली 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' वगैरे. गोष्टीत खोटं काही नाही. पण मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सेंट लुईसमध्ये राहते, या माणसाचा बहरही पाहिला आणि पडता काळही, आणि या गोष्टीने त्याच्यावर अन्याय होतो असं माझं ठाम मत आहे. ती ऐकून वाटतं की नशिबाने दार उघडलं आणि हा आत शिरला. मधल्या वर्षांत तो काय शिकला आणि वरून खाली आल्यावर त्याने काय केलं, हे दोन्ही त्यात गळून जातं. म्हणून हा धागा.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना मिळतो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि मग त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्या बचावाची रचना वाचायची, चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार ते ताडायचं, आणि सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना चेंडू नेमका फेकायचा. या जागेवर एका वेळी एकच जण खेळतो. तो धड असेपर्यंत बाकीच्यांनी कडेला उभं राहायचं. त्यामुळे क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीत वाट पाहणं हा फार मोठा भाग असतो, आणि वॉर्नरच्या वाट्याला तो दोनदा आला.

जन्म १९७१ चा, बर्लिंग्टन, आयोवा इथला. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात शेवटच्या वर्षापर्यंत त्याला पहिल्या संघात जागा नव्हती. मिळाली त्या वर्षी तो त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. तरीही १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात, कोणी घेतला नाही. ग्रीन बे पॅकर्सनी सराव शिबिराला बोलावलं, पण तिथे ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर आधीच होते. मोसम सुरू व्हायच्या आत घरी पाठवला. मग सीडर फॉल्सचं हाय-व्ही दुकान, तीच ती रात्रपाळी.

इथून प्रसिद्ध गोष्ट थेट १९९९ वर उडी मारते. मधे काय झालं ते पाहा. १९९५ ते १९९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. हा खेळ बंदिस्त सभागृहात होतो. मैदान ५० यार्ड लांबीचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं, रुंदीही जवळपास निम्मी, आणि एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू. कडेला गादी लावलेल्या भिंती, गोलच्या दोन्ही बाजूंना जाळ्या, जाळीवरून उसळलेला चेंडूही झेलता येतो. आपल्याकडे बॉक्स क्रिकेट खेळलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल: जागा इतकी कमी की विचार करायला वेळच उरत नाही, हात आधी हलावा लागतो. वॉर्नरने तिथे तीन मोसम चेंडू झटकन सोडायची आणि अरुंद फटीतून नेमका पोचवायची तालीम केली. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने संघाला अरीना बोलपर्यंत नेलं. दोन्ही अंतिम सामने हरले.

याच काळात घरी काय चाललं होतं तेही सांगायला हवं. पुढे जिच्याशी लग्न झालं ती ब्रेंडा, मरीन दलातली माजी सैनिक, दोन मुलांची आई. थोरला झॅकरी तान्हा असताना डोक्याला झालेल्या इजेमुळे जवळजवळ दृष्टिहीन. १९९६ मध्ये आर्कान्सातल्या चक्रीवादळात ब्रेंडाचे आईवडील दोघेही गेले. १९९७ मध्ये यांचं लग्न झालं आणि कर्टने दोन्ही मुलांना दत्तक घेतलं. त्याच सुमारास शिकागो बेअर्सकडे त्याची चाचणी ठरली होती. ती हुकली, कारण मधुचंद्राला जमैकात असताना कुठलासा किडा, बहुधा कोळी, त्याच्या फेकायच्या हाताच्या कोपराला चावला आणि हात सुजला.

मग अ‍ॅम्स्टरडॅम. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, युरोपातल्या लीगमध्ये अ‍ॅडमिरल्स नावाचा संघ होता. त्याचे प्रशिक्षक अल लुगिनबिल यांना वॉर्नर हवा होता, आणि वॉर्नरची अट अशी की आधी एखाद्या एनएफएल संघाने करार करावा. लुगिनबिल एकेका संघाला विचारत राहिले आणि शेवटी सेंट लुईस रॅम्सनी हो म्हटलं. १९९८ च्या वसंतात वॉर्नर त्या लीगमध्ये पासचे यार्ड आणि टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) दोन्हींत पहिला आला. (त्याच संघात त्याचा बदली खेळाडू होता जेक डेलहोम. हे नाव लक्षात ठेवा.)

१९९८ च्या मोसमात रॅम्सकडे तो तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. एका सामन्यात उतरला, ११ पैकी ४ पास पूर्ण, ३९ यार्ड. संघ ४-१२, म्हणजे ४ विजय, १२ पराभव. क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ नव्याने उभा राहत होता, त्याच्यासाठी इतर संघांना काही खेळाडू खुले ठेवावे लागले. रॅम्सनी ठेवलेल्यांत वॉर्नर होता. ब्राउन्सनीही तो घेतला नाही.

१९९९ साठी रॅम्सनी पैसे मोजून ट्रेंट ग्रीनला आणलं. ऑगस्टमध्ये सॅन डिएगोविरुद्धच्या सराव सामन्यात रॉडनी हॅरिसन ग्रीनच्या पायावर आदळला आणि ग्रीनचा गुडघा गेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील यांना पत्रकारांसमोर अश्रू आवरत नव्हते. सगळ्या शहराने मोसम संपला असं गृहीत धरलं. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी 'हा वॉर्नर कोण?' हाच प्रश्न होता आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं.

त्या माणसाने पहिल्या तीन सामन्यांत प्रत्येकी तीन टचडाउन पास फेकले. चौथा सामना सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी. त्यांच्याकडून रॅम्स त्याआधी लागोपाठ १७ वेळा हरले होते. त्या दिवशी पाच टचडाउन पास, ४२-२०. मोसमाअखेर ४,३५३ यार्ड, ४१ टचडाउन, संघ १३-३, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. जानेवारी २००० मध्ये अटलांटात टेनेसी टायटन्सना २३-१६ हरवून सुपर बोल. त्यात त्याचे ४१४ यार्ड, तेव्हाचा विक्रम.

त्या सामन्यातला एक पास जवळून बघण्यासारखा आहे. १६-० अशी आघाडी गेलेली, १६-१६ बरोबरी, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले. पहिल्याच प्रयत्नात वॉर्नरने आयझॅक ब्रूसकडे लांब फेक केली. उजवीकडून जेव्हॉन कर्स येतोय हे दिसत होतं. हात पुढे येतानाच कर्स आदळला, चेंडू हवा तेवढा लांब गेला नाही. ब्रूसने तो आखूड पडतोय हे पाहून पाय रोखले, मागे वळून झेलला आणि आत वळून धावत सुटला. ७३ यार्ड. वॉर्नर तेव्हा जमिनीवर होता. समोरून मार येतोय हे माहीत असून पाय न हलवता चेंडू सोडायचा, ही त्याची खरी ओळख. ते एका उन्हाळ्यात येत नाही.

पडत्या काळाबद्दल खाली लिहीनच. आधी तुमची मतं वाचायला आवडतील.

पायवाट

ताई, सुरेख लिहिलंय. नाशिकहून वाचतोय, खेळ फक्त यूट्यूबवर पाहिलेला, तरी सगळं समजलं. एक विचारायचं होतं, ट्रेंट ग्रीनचं पुढे काय झालं? सगळे वॉर्नरबद्दल बोलतात. ज्याची जागा गेली त्याच्याबद्दल कोणीच लिहीत नाही.

रानवारा

पायवाट, प्रश्न फार आवडला. ग्रीन तर सेंट लुईसच्याच परिसरातला, इथल्या शाळेत शिकलेला. घरच्या संघाचा क्वार्टरबॅक व्हायला आला होता. २००० मध्ये वॉर्नरचं बोट मोडलं तेव्हा त्याने काही सामने खेळले आणि चांगले खेळले. २००१ मध्ये व्हर्मील कॅन्सस सिटीला प्रशिक्षक झाले आणि त्यांनी ग्रीनला तिकडे नेलं. २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षं त्याने ४,००० च्या वर यार्ड काढले. म्हणजे कारकीर्द उत्तम झाली. पण ते अंगठीचं, म्हणजे अजिंक्यपदाचं, वर्ष गेलं ते गेलंच.

दशमान

धागा चांगला आहे, पण मी इथे असहमती नोंदवतो. रानवारा, तुम्ही नशिबाची गोष्ट खोडताना संघाचा वाटा फारच कमी केलात. १९९९ च्या आक्रमणात कोण होतं ते बघा. क्वार्टरबॅकच्या डावीकडून येणाऱ्यांना अडवायला ओरलँडो पेस, जो स्वतः हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, आहे. धावायला मार्शल फॉक, त्याच वर्षी कोल्ट्सकडून आणलेला. त्याने त्या मोसमात धावून १,३८१ आणि झेलून १,०४८ यार्ड काढले. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, ब्रूस आणि टोरी होल्ट. वर आक्रमणाचे प्रशिक्षक माइक मार्ट्झ यांची योजना, जिच्यात रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू निघालेला असतो. १९९९, २००० आणि २००१ अशी तीन वर्षं या संघाने दर मोसमात ५०० च्या वर गुण केले. तीन वर्षं सलग.

आणि तुमच्याच उत्तरात माझा पुरावा आहे. ग्रीन आला, आक्रमण चालूच राहिलं. २००२ मध्ये वॉर्नर सुरुवातीचा क्वार्टरबॅक असताना ०-६, तीन टचडाउन आणि अकरा इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). मार्क बल्जर आला आणि त्याच संघाने जिंकायला सुरुवात केली. २००३ मध्ये बल्जरबरोबर १२-४. बल्जर ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतला खेळाडू. असा घाट दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना जमत असेल, तर श्रेय आधी योजनेला द्यायला हवं.

शिरीषफूल

मी डी मॉइनमध्ये असते, म्हणून अरीना फुटबॉलबद्दल थोडी भर. बार्नस्टॉर्मर्स खेळायचे ते वेटरन्स ऑडिटोरियम इथे सगळे 'द बार्न' म्हणूनच ओळखायचे. जुन्या शेजाऱ्यांकडून ऐकलंय की तिकिटं मिळायची मारामार असे आणि वॉर्नर शहरात चांगलाच लोकप्रिय होता. म्हणजे 'कोणाला ठाऊक नसलेला मुलगा' हे देशाच्या दृष्टीने खरं, आयोवाच्या दृष्टीने अजिबात नाही.

अरीनात एक नियम असा की एका रिसीव्हरला चेंडू सुरू व्हायच्या आधीच पुढे धावत येता येतं. त्यामुळे तो पूर्ण वेगात असतानाच खेळ सुरू होतो, आणि क्वार्टरबॅकला फेक त्या वेगाशी जुळवावी लागते. दशमान म्हणतात ती मार्ट्झची पद्धत, रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडायची, ती याच्याशी किती जवळची आहे बघा. मोठ्या कॉलेजांतून आलेल्या मुलांना लांबरुंद मैदानाची आणि रिसीव्हर मोकळा दिसल्यावर फेकायची सवय असते. वॉर्नर उलट दिशेने आला होता.

आणि हो, हाय-व्ही ही आमच्याकडची घराघरातली साखळी आहे. आठवड्याची भाजी तिथूनच येते. इथे तिथल्या नोकरीला कोणी कमी लेखत नाही. ती गोष्ट बाहेरगावचे लोक सांगतात तेव्हाच 'बिचारा' असा सूर लागतो.

रानवारा

शिरीषफूल, नेमकं हेच म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

दशमान, तुमचा मुद्दा मानते, पण अर्धा. त्या संघाइतकी गुणी माणसं क्वचितच एका ठिकाणी आली असतील. पण मार्ट्झच्या योजनेत पाचही जण पास झेलायला सुटायचे, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला मागे कोणी उरायचं नाही. मार खायची तयारी असलेला माणूसच ती चालवू शकतो. तिघांनीही ती चालवली आणि तिघांनीही शरीराने किंमत मोजली.

आणि योजनेचं श्रेय म्हणत असाल तर मग अ‍ॅरिझोनाचं काय?

२००३ चा पहिला सामना न्यूयॉर्क जायंट्सशी, त्यांच्या न्यू जर्सीतल्या मैदानावर होता. वॉर्नरच्या हातून सहा वेळा चेंडू सुटला, डोक्याला मार बसला, आणि त्यानंतर रॅम्सनी त्याला परत सुरुवातीला कधीच उतरवलं नाही. २००४ च्या उन्हाळ्यात सोडून दिलं. तो जायंट्सकडे गेला, तिथे त्यांनी नुकताच ईलाय मॅनिंग आणला होता. म्हणजे जागा उबवायला ठेवलेला माणूस. संघ ५-४ असताना त्याला बसवलं आणि ईलायला खेळवलं. संघ पुढच्या सातपैकी सहा सामने हरला. वॉर्नरने एक शब्द वाकडा काढला नाही.

२००५ मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. कोण जायचं तिथे तेव्हा? या संघाचं शेवटचं अजिंक्यपद १९४७ चं. २००६ मध्ये त्यांनीही पहिल्या फेरीत मॅट लाइनार्ट हा तरुण क्वार्टरबॅक निवडला आणि वॉर्नर पुन्हा बाकावर. तीन शहरांत तीन वेळा त्याच्या जागी त्याच्याहून तरुण माणूस आणला गेला. पस्तिशीत असताना. बहुतेक जण अशा वेळी टीव्हीवर बोलायला जातात.

२००७ मध्ये केन व्हिझनहंट प्रशिक्षक झाले. त्यांनी काही वेळा घाईच्या खेळासाठी वॉर्नरला उतरवायला सुरुवात केली, मग लाइनार्टचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि वॉर्नरने त्या मोसमात २७ टचडाउन पास फेकले. २००८ मध्ये सराव सामन्यांत दोघांची उघड चुरस झाली आणि जागा वॉर्नरला मिळाली. ४,५८३ यार्ड, ३० टचडाउन. इथे पेस नव्हता, फॉक नव्हता, मार्ट्झ नव्हता. लॅरी फिट्झजेराल्ड आणि अँक्वान बोल्डिन होते, हे खरं.

त्या संघाचा मोसम ९-७ असाच होता. डिसेंबरात बर्फात न्यू इंग्लंडकडून ४७-७ असा सणसणीत पराभव. कोणी त्यांना गंभीरपणे घेत नव्हतं. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, अटलांटा, त्यानंतर कॅरोलायना. आणि कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कोण? तोच जेक डेलहोम, अ‍ॅम्स्टरडॅमचा. दहा वर्षांपूर्वी ज्याचा बदली म्हणून बसला होता, त्याच्यासमोर स्वतःच्या घरच्या मैदानावर डेलहोमने पाच इंटरसेप्शन दिले, तेही वाढदिवसाच्या दिवशी. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं होतं. ३३-१३. मग फिलाडेल्फियाला ३२-२५ हरवून कार्डिनल्स इतिहासात पहिल्यांदा सुपर बोलला पोचले.

हा संघ १९८७ पर्यंत सेंट लुईसचाच होता. आमच्या शहराचे जुने चाहते त्या जानेवारीत कार्डिनल्सच्या बाजूने ओरडत होते, कारण संघ त्यांचा जुना आणि क्वार्टरबॅकही त्यांचाच.

दशमान

अ‍ॅरिझोनाचा मुद्दा वजनदार आहे. मानलं. २००८ च्या प्लेऑफमध्ये त्याने ११ टचडाउन पास फेकले, एका प्लेऑफमधल्या जो मॉन्टानाच्या विक्रमाची बरोबरी केली. आणखी एक आकडा तुमच्या बाजूने देतो. त्याचे एकूण २०८ टचडाउन पास. रॅम्सकडून १०२, जायंट्सकडून ६ आणि कार्डिनल्सकडून १००. दोन पूर्ण वेगळ्या संघांत जवळपास सारखी कमाई. ही फक्त योजनेची करामत असती तर दुसरी शंभरी झाली नसती.

पण विरुद्ध बाजूही नोंदवतो. १२८ इंटरसेप्शन, आणि हातातून सुटलेले चेंडू शंभरावर. तीन सुपर बोल, त्यांत दोन पराभव. त्या दोन्हींत त्याचा एकेक पास थेट समोरच्यांच्या टचडाउनला गेला: एकदा टाय लॉ, एकदा जेम्स हॅरिसन. याबद्दल चाहते सहसा बोलत नाहीत.

गावशीव

टाय लॉचा विषय निघालाच आहे तर मी बोलतो. बॉस्टनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बाजू कोणाची ते उघड आहे. :)

फेब्रुवारी २००२, न्यू ऑर्लिन्स. रॅम्स १४-२, वॉर्नर दुसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्या मोसमात ४,८३० यार्ड. सट्टेबाजांनी समोरच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना, म्हणजे बॉस्टनकडच्या संघाला, १४ गुणांनी मागे धरलं होतं. त्यांचे प्रशिक्षक बेलिचिक यांनी ठरवलं की लक्ष वॉर्नरवर ठेवायचं नाही, मार्शल फॉकवर ठेवायचं. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, तो निघाला की त्याला धक्का द्यायचा. रिसीव्हरनाही सुरुवातीलाच अडवायचं. मार्ट्झचं सगळं गणित वेळेवर उभं होतं. रिसीव्हर अर्धा सेकंद उशिरा पोचला की वॉर्नरचा चेंडू रिकाम्या जागी जाणार. लॉने तो अडवून ४७ यार्ड धावत नेला तेव्हा वॉर्नरच्या चेहऱ्यासमोर माणूस आलेला होता, घाईत फेकलेला पास होता तो.

तरी शेवटच्या पंधरा मिनिटांत वॉर्नरने १७-३ वरून १७-१७ केलं हे विसरू नका. मग टॉम ब्रेडी नावाचा दुसऱ्या वर्षातला मुलगा आला, सहाव्या फेरीतला, आणि व्हिनाटिएरीच्या ४८ यार्डांच्या किकने २०-१७ झालं. त्या रात्री एकाची चढण सुरू झाली आणि दुसऱ्याची उतरण. दोघेही जखमी माणसाची जागा घेऊन वर आलेले, दोघांनाही ड्राफ्टने हलक्यात काढलेलं. मला तो सामना त्यासाठी जास्त आवडतो.

मार्ट्झवर माझा एक राग आहे. बेलिचिक पास अडवायला जादा माणसं लावत होता, म्हणजे धावायला जागा होती. फॉकच्या हातात चेंडू द्यायचा सोडून पासच टाकत राहिले. वॉर्नरला दोष देताना हेही मोजा.

अबोली

मी फिनिक्समध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष हातांकडे जातं. २००० मध्ये उजव्या हाताचं बोट मोडलं, २००२ मध्ये पुन्हा. फेकायचा हात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू पकडताना बोटं शिवणीवर असतात, चेंडू सुटतो तो शेवटी तर्जनीवरून, पण दाब सगळ्या बोटांचा मिळून असतो. एक बोट नीट वाकत नसेल तर पकड सैल होते, चेंडू डगमगत जातो, आणि कोणी नुसता हात लावला तरी सुटतो. २००२-०३ मध्ये लोक म्हणत होते की याचं तंत्र बिघडलं, आत्मविश्वास गेला. माझ्या मते आधी पकड गेली, बाकीचं त्यामागून आलं.

अ‍ॅरिझोनात तो दोन्ही हातांत हातमोजे घालून खेळायचा हे पाहिलंय का? कोरड्या, उन्हाच्या गावात क्वार्टरबॅकने हातमोजे घालणं तेव्हा फार विरळ होतं. पकडीसाठीच होतं ते. पस्तिशीनंतर स्वतःच्या कमजोरीवर असा साधा उपाय शोधून तो सगळ्यांसमोर वापरायचा, याला मी फार मानते. माझ्याकडे येणारे किती तरी लोक साधी काठी वापरायला लाजतात.

डोक्याच्या दुखापतीबद्दलही बोलायला हवं. नोव्हेंबर २००९ मध्ये सेंट लुईसमध्येच, जुन्या संघाविरुद्ध, डोक्याला मार बसला आणि त्याने पुढचा सामना सोडला. संघ प्लेऑफच्या शर्यतीत असताना. त्या काळात खेळाडू अशा वेळी लपवून खेळायचे. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंटरसेप्शननंतर तो चेंडूवाल्याच्या मागे जात असताना बॉबी मॅक्रे बाजूने येऊन आदळला. ती फीत मी पुन्हा पाहत नाही. दुसऱ्या अर्धात तो मैदानात परत आला, संघ ४५-१४ हरला, आणि २९ जानेवारीला वयाच्या ३८ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. कराराचं एक वर्ष बाकी होतं. सेंट्सच्या (न्यू ऑर्लिन्सच्या संघाच्या) बचावपटूंना समोरच्यांना जायबंदी करण्यासाठी पैसे दिले जात होते हे प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं, आणि चौकशीत तो मोसमही होता. मला त्याची चीड अजून आहे.

पायवाट

अबोली ताई, बोटांबद्दलचं वाचून पूर्ण वेगळ्या नजरेने पाहीन आता. मंडळी, एकच सामना पूर्ण पाहायचा असेल तर कोणता पाहू? अटलांटाचा सुपर बोल?

गावशीव

माझं मत सुपर बोल ४३, टॅम्पा, फेब्रुवारी २००९. पिट्सबर्गशी. हरलेला सामना आहे, पण त्याच्यात सगळं आहे. पहिला अर्ध संपायला १८ सेकंद असताना कार्डिनल्स अगदी गोलरेषेपाशी. पिट्सबर्गचा जेम्स हॅरिसन धावून येईल असं वाटत होतं, तो आला नाही, दोन पावलं मागे सरकून बोल्डिनच्या वाटेत उभा राहिला. वॉर्नरला तो दिसलाच नाही. पास पकडून हॅरिसन धावत सुटला, १०० यार्ड! आघाडी घ्यायची वेळ आलेली आणि त्याऐवजी १७-७ ने मागे.

चौथ्या भागात मात्र हाच माणूस पुन्हा फेकायला लागला. अडीच मिनिटं असताना फिट्झजेराल्ड मधून ६४ यार्ड सुसाट, २३-२०. मग पिट्सबर्गच्या सँटोनिओ होम्सचा कोपऱ्यातला झेल, फक्त ३५ सेकंद उरलेले, २७-२३. वॉर्नरचे ३७७ यार्ड. त्या रात्रीनंतर सुपर बोलमधल्या सर्वाधिक यार्डांच्या यादीत पहिली तिन्ही नावं त्याचीच होती: ४१४, ३७७, ३६५. आता ब्रेडी आणि इतर पुढे गेलेत, पण तेव्हा होती.

रानवारा

गावशीवांचा सल्ला चांगला आहे, पण पायवाट, मी वेगळा सामना सुचवते. १० जानेवारी २०१०, प्लेऑफ, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध. हो, ज्यांनी १९९४ मध्ये घरी पाठवलं तेच. वॉर्नरने ३३ पैकी २९ पास पूर्ण केले, ३७९ यार्ड, पाच टचडाउन. चुकलेले पास चार, टचडाउन पाच! समोर तरुण अ‍ॅरन रॉजर्स होता, त्यानेही चार टचडाउन पास फेकून संघाला मागून वर आणलं. जादा वेळेत रॉजर्सच्या हातून चेंडू उडाला, कार्लोस डॅन्सबीने तो पकडून टचडाउन केला, ५१-४५.

वॉर्नरचे पाय बघा त्या सामन्यात. पळत नाही, उड्या मारत नाही. तीन किंवा पाच पावलं मागे, एक छोटा थांबा, आणि चेंडू गेलेला. हात खांद्याच्या वर जातो न जातो तोवर सुटलेला असतो. शिरीषफूल यांनी सांगितलेलं ते आयोवाचं शिक्षण ३८ व्या वर्षीही तसंच्या तसं दिसतं. अबोलींनी सांगितलेले हातमोजेही दिसतील.

दशमान

मी दोन्ही सामने बघायला सांगेन. आणि हॉल ऑफ फेमबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून: २०१७ मध्ये कँटनला, जिथे हा हॉल ऑफ फेम आहे, प्रवेश मिळाला, पात्र झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी. मधली पाच-सहा वर्षं कोरडी गेल्याने निवडणाऱ्यांना अडचण वाटली असणार. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो आधीपासून होताच. दोन्हीकडे असलेला तो एकटाच.

रानवारा, तुमचं मूळ म्हणणं मला पटलं. फक्त एवढं करा, पेसवर वेगळा धागा काढा. डावीकडून येणारा माणूस दिसत नसतो, तो अडवणाऱ्याशिवाय उजव्या हाताने फेकणाऱ्या कुठल्याच क्वार्टरबॅकची गोष्ट पुरी होत नाही.

रानवारा

काढते. पेसबरोबर १९९९ ची पूर्ण लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी रांग, घेईन, त्या पाच जणांची नावंही आता फार कोणाला आठवत नाहीत.

पायवाट

पॅकर्सचा सामना काल रात्री पाहिला. टॅम्पाचाही शेवटचा भाग पाहिला. शेवटून दुसरी चाल, पाच सेकंद उरलेले असताना वॉर्नरच्या हातून चेंडू सुटला ती. हात पुढे आलेला दिसतोय, मग तो अपूर्ण पास का नाही धरला?

गावशीव

त्यावर आजही वाद होतो. लमार वुडलीने मागून हाताला धक्का दिला तेव्हा हात पुढे यायला लागला होता का, आणि चेंडूवर ताबा होता का, हे दोन प्रश्न. मैदानावरच्या पंचांनी फंबल (हातातून सुटलेला चेंडू) दिला, वरच्या खोलीतून तो कायम झाला, पण मुख्य पंचाने स्वतः पडद्यासमोर जाऊन पाहिलं नाही. अ‍ॅरिझोनाच्या लोकांचा राग त्यावर आहे. मी पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला चेंडू आधी सैल झालेला वाटतो.

अबोली

मला नाही वाटत. फीत सावकाश लावा आणि मनगट बघा. मनगट वळलेलं आहे, म्हणजे फेक सुरू झाली होती. पाच सेकंद, फिट्झजेराल्ड मैदानात, गोलरेषा एका उंच फेकीच्या टप्प्यात. ती चाल त्यांना मिळायला हवी होती.